न घेतलेल्या पैशाचा हिशेब

प्रश्न असा आला आहे: "फिलिपिन्सचे सिनेटर पान्फिलो लाक्सन यांनी आपल्या वाट्याचा निधी कधी वापरलाच नाही, असं वाचलं. पण त्यांच्यावर खुनाचे खटलेही होते, वॉरंट निघायच्या आधी ते देशाबाहेर गेले आणि तिथला कडक दहशतवादविरोधी कायदाही त्यांनीच पुढे रेटला. मग या माणसाला स्वच्छ म्हणायचं का? आणि एकट्याने निधी नाकारून फरक काय पडतो?"

सरकारी हिशेबतपासणीत माझी तीस वर्षं गेली. त्यातली काही मनिलात, सल्लागार म्हणून. त्या काळात तिथले अर्थसंकल्पाचे जाडजूड खंड चाळायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. तेव्हा दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पहिल्याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे.

एकट्याने निधी नाकारून व्यवस्थेला फारसा धक्का बसला नाही. तो बसला 2013 मध्ये, आणि तोही लाक्सन यांच्या नकारामुळे नव्हे, तर घोटाळ्यातल्याच एका माणसाने तोंड उघडल्यामुळे. तरी नकार वाया गेला असंही नाही. जो स्वतः पंगतीला बसलेला नसतो, त्यालाच पंगतीत काय काय वाढलं जातंय ते मोठ्याने सांगता येतं. लाक्सन यांनी पुढची वीसेक वर्षं तेच केलं.

आधी निधीची गोष्ट. तिथे त्याला 'पोर्क बॅरल' म्हणतात. 1990 पासून त्याचं सरकारी नाव वेगळं होतं, नंतर ते बदलून 'प्राधान्य विकास साहाय्य निधी' झालं. 2013 च्या सुमारास प्रत्येक सिनेटरला वर्षाला 20 कोटी पेसो आणि कनिष्ठ सभागृहाच्या सदस्याला 7 कोटी पेसो असा हिशेब होता. फिलिपिन्समध्ये सिनेटर फक्त 24 असतात आणि त्यांना सगळा देश मिळून निवडतो. म्हणजे त्यांना मतदारसंघच नाही. तरीही 20 कोटी! कुठल्या गावात कोणाच्या हाताने खर्च करायचे, ते त्या सिनेटरच्या मर्जीवर. मनिलाबाहेर पडलं की बस थांब्यावर, बास्केटबॉलच्या मैदानावर, शाळेच्या भिंतीवर नेत्याचं नाव आणि हसरा फोटो दिसायचा. आपल्याकडचे 'अमुक आमदारांच्या स्थानिक विकास निधीतून' हे फलक डोळ्यांसमोर आणा, चित्र तेच. अशा स्वतःला मिरवणाऱ्या पुढाऱ्यांना तिथले लोक 'एपाल' म्हणतात. शब्दात चीड आहे, पण मत देताना ती आठवतेच असं नाही.

पैसा कसा फिरायचा ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अर्थसंकल्प मंजूर झाला की सिनेटर पत्र लिहायचा: अमुक काम, तमुक सरकारी महामंडळ, आणि राबवणारी ही स्वयंसेवी संस्था. अर्थसंकल्प विभाग त्यावर रक्कम मोकळी केल्याचा आदेश काढायचा. महामंडळ ती रक्कम संस्थेकडे द्यायचं. संस्था खरी असेल तर शेतकऱ्याला बियाणं मिळायचं. कागदावरची असेल तर शेतकऱ्यांच्या नावाची यादी, खोट्या सह्या आणि खताच्या पोत्यांची पावती तयार व्हायची. जानेट लिम-नापोलेस या बाईंनी अशा कागदी संस्थांचं जाळंच विणलं होतं. त्यांच्याकडे काम करणाऱ्या बेनहूर लुय यांनी 2013 मध्ये ते उघड केलं, तेव्हा आकडा निघाला सुमारे 1,000 कोटी पेसोंचा. 26 ऑगस्ट 2013 रोजी मनिलाच्या लुनेता मैदानावर लोक रस्त्यावर उतरले आणि 19 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने हा निधीच घटनाबाह्य ठरवला.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: अर्थसंकल्प मंजूर करणं हे विधिमंडळाचं काम. मंजुरीनंतर कुठलं काम घ्यायचं हे आमदार-सिनेटरांनी ठरवणं म्हणजे सरकारच्या कामात हात घालणं. आपल्या वाचकांना यात रस वाटेल, कारण भारतात याच स्वरूपाच्या प्रश्नावर उत्तर उलटं आलं. 1993 मध्ये सुरू झालेली खासदार निधी योजना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये वैध ठरवली. खासदार काम सुचवतो, राबवतं जिल्हा प्रशासन, असं तिचं रूप आहे. आज प्रत्येक खासदाराला वर्षाला 5 कोटी रुपये मिळतात. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

या सगळ्याच्या कितीतरी आधी, 2003 मध्ये, लाक्सन सिनेटमध्ये या निधीविरुद्ध उभे राहिले होते आणि आपला वाटा सोडून दिला होता. बाकीच्यांना ते आवडलं नाही हे वेगळं सांगायला नको. पण हिशेबनीस म्हणून मला एक खोच तेव्हाही दिसायची. सोडलेला पैसा जातो कुठे? तो तिजोरीत राहतो खरा, पण न वापरलेली तरतूद 'बचत' ठरू शकते, आणि बचत दुसऱ्या कामाकडे वळवण्याचा अधिकार फिलिपिन्सच्या घटनेने राष्ट्राध्यक्षांना दिला आहे. बेनिग्नो अकिनो (तिसरे) यांच्या सरकारने 2011 पासून अशाच गोळा केलेल्या 'बचती'तून खर्चाचा वेगळा कार्यक्रम चालवला. त्यातला पैसा सिनेटरांनी सुचवलेल्या कामांकडेही गेला. 2014 मध्ये न्यायालयाने त्यातल्या अनेक पद्धती बेकायदा ठरवल्या. म्हणजे आपण आपल्या ताटातलं नाकारलं तरी ते पातेल्यात परत जातं, आणि पळी दुसऱ्याच्या हातात असते.

खर्चाच्या नोंदीबद्दल आणखी एक. सिनेटरचा 'खर्च' म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक हा विकासाचा निधी, दुसरा कार्यालयाचा: कर्मचारी, प्रवास, भाडं, बैठका. लेखापरीक्षण आयोग दरवर्षी प्रत्येक सभासदाच्या कार्यालयीन खर्चाची यादी काढतो आणि वर्तमानपत्रं त्यावरून 'सर्वांत उधळा' आणि 'सर्वांत काटकसरी' असे मथळे देतात. काटकसरीत सिनेटर जोकर आरोयो यांचं नाव अनेक वर्षं घेतलं जायचं. त्यांना लोक 'काँग्रेसचे स्क्रूज', म्हणजे संसदेतले महाचिक्कू, म्हणायचे. हे मथळे गंमत म्हणून वाचावेत. कारण त्या खर्चाचा मोठा भाग पावतीवर नव्हे, तर 'हा खर्च कामासाठी झाला' अशा सभासदाच्या स्वतःच्या दाखल्यावर मंजूर व्हायचा. तपासनीसाला त्यात तपासायचं काय? 2013 च्या जानेवारीत गवगवा झाला की सिनेटचे तेव्हाचे अध्यक्ष हुआन पोन्से एन्रिले यांनी शिलकी रकमेतून बहुतेक सिनेटरांना 16-16 लाख पेसो जादा दिले, आणि ज्यांच्याशी जमत नव्हतं अशा चौघांना अडीच-अडीच लाख. सिनेटर मिरियाम सान्तियागो यांनी त्यावरून जी आग पाखडली ती अजून लोकांच्या लक्षात आहे. कार्यालयीन खर्चाचा आकडा बघून माणूस पारखायला गेलात तर फसाल.

आता माणसाकडे येऊ. जन्म 1948, काविते प्रांतातलं इमुस गाव. वडील जीपनी (तिथली जीपसारखी प्रवासी गाडी) चालवायचे, आई बाजारात कपडालत्ता विकायची. 1971 मध्ये ते लष्करी अकादमीतून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा लावला. लाक्सन यांची उमेदीची वर्षं मनिलाच्या पोलिसी गुप्तवार्ता विभागात गेली. हा विभाग त्या काळात अपहरण करणाऱ्या टोळ्या पकडायचा आणि मार्कोसविरोधकांनाही पकडायचा. छळाच्या तक्रारी त्याच विभागाविरुद्ध होत्या.

1981 मध्ये उद्योगपती जॉन गोकोंगवेई यांच्या मुलीचं अपहरण झालं. लाक्सन यांच्या पथकाने तिला सोडवलं. वडिलांनी बक्षीस देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही. ही गोष्ट ते निवडणुकीत सांगतात आणि ती खरी आहे. दुसरी गोष्ट प्रचारात ऐकू येत नाही. अटक झालेल्या वीस जणांनी 1983 मध्ये छळ आणि बेकायदा झडतीबद्दल लष्करी अधिकाऱ्यांवर भरपाईचा दावा लावला. प्रतिवादींच्या यादीत सरसेनापती फाबियान वेर यांच्यापासून खाली नावं आहेत आणि त्यात लेफ्टनंट कर्नल पान्फिलो लाक्सन हेही आहे. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बंदीप्रत्यक्षीकरणाचा (अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा) हक्क स्थगित असला तरी अधिकाऱ्यांवर नुकसानभरपाईचा दावा चालू शकतो. कायद्याचे विद्यार्थी आजही तो निकाल शिकतात. दावा पुढे बरीच वर्षं रेंगाळला आणि नोटीस नीट बजावली गेली नाही या मुद्द्यावर अडकला. छळ झाला की नाही यावर शेवटचा शब्द कधी पडलाच नाही.

नंतर 18 मे 1995. केझॉन सिटीत पोलिसांनी 'कुरातोंग बालेलेंग' टोळीचे 11 संशयित मारले. पोलिसांचं म्हणणं चकमक, साक्षीदारांचं म्हणणं थंड डोक्याने केलेल्या हत्या. मुंबईच्या नव्वदच्या दशकात ज्यांनी वर्तमानपत्रं वाचली, त्यांना या वादाची भाषा समजावून सांगायला नको. लाक्सन वरिष्ठ अधिकारी म्हणून आरोपी झाले. खटला रद्द झाला, पुन्हा उघडला, पुन्हा फेटाळला गेला, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायमचा मिटवला.

1999 च्या अखेरीस तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्ट्राडा यांनी त्यांना राष्ट्रीय पोलिसांचं प्रमुख केलं. जेमतेम सव्वा वर्ष, पण लोक अजून ते सव्वा वर्ष आठवतात. पोलिसाची कंबर 34 इंचांच्या आत हवी, असा त्यांचा हुकूम होता. हसू येतं, पण त्यामागे खरी मोहीम होती ती 'कोतोंग'विरुद्ध, म्हणजे नाक्यानाक्यावर ट्रकवाल्यांकडून उकळल्या जाणाऱ्या चिरीमिरीविरुद्ध. टॅक्सीवाल्यांशी बोललात तर त्या वर्षाबद्दल दोनच मतं ऐकू यायची: 'तेव्हा हात पसरायची हिंमत नव्हती' आणि 'त्या माणसाची भीती वाटायची'. बऱ्याचदा एकच टॅक्सीवाला दोन्ही सांगायचा.

2001 मध्ये ते सिनेटवर निवडून आले आणि तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया आरोयो यांच्याशी त्यांचं हाडवैर जुळलं. 2003 मध्ये त्यांनी सभागृहात आरोप केला की राष्ट्राध्यक्षांचे पती माइक आरोयो प्रचाराचा पैसा 'होसे पिदाल' या खोट्या नावाच्या बँक खात्यात ठेवतात. मग माइक यांचे धाकटे भाऊ पुढे आले आणि म्हणाले, होसे पिदाल म्हणजे मीच. आणखी प्रश्न विचारल्यावर त्यांनी खासगीपणाच्या हक्काची ढाल पुढे केली. प्रकरण तिथेच विरलं. उलट दिशेनेही आरोप झाले, अमली पदार्थांचे आणि परदेशातल्या खात्यांचे, आणि तेही सिद्ध झाले नाहीत. 2004 मध्ये लाक्सन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तिसरे आले, सुमारे 35 लाख मतं. विरोधी मतं फुटली आणि त्याचा फायदा आरोयो यांना झाला, हे तिथे कोणीही सांगेल.

मग दासेर प्रकरण. प्रसिद्धीचं काम करणारे साल्वादोर दासेर आणि त्यांचा चालक यांना नोव्हेंबर 2000 मध्ये पळवून मारण्यात आलं. तेव्हा पोलीसप्रमुख लाक्सन होते. जानेवारी 2010 मध्ये, आरोयो यांच्या शेवटच्या महिन्यांत, अटक वॉरंट निघणार हे दिसताच सिनेटर लाक्सन देशाबाहेर गेले. सुमारे चौदा महिने ते कुठे होते कोणालाच माहीत नव्हतं. फेब्रुवारी 2011 मध्ये अपील न्यायालयाने वॉरंट रद्द केलं, मार्चमध्ये ते परतले आणि सिनेटच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांचं स्पष्टीकरण असं की हे सरकार माझ्यामागे सूडाने लागलं होतं, न्याय मिळण्याची खात्री नव्हती. मला ते अगदीच खोटं वाटत नाही. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

2013 मध्ये दोन सलग मुदती संपल्यावर नियमाप्रमाणे ते थांबले. त्या नोव्हेंबरात हैयान वादळाने (तिथे त्याला योलांडा म्हणतात) 6,300 हून अधिक माणसं गेली, आणि अकिनो यांनी पुनर्वसनाचं काम लाक्सन यांच्याकडे दिलं. त्यांनी सुमारे 16,790 कोटी पेसोंचा आराखडा केला, खासगी कंपन्यांना एकेक भाग वाटून दिला, आणि 2015 च्या सुरुवातीला ते पायउतार झाले. त्यांच्या हाताखाली ना स्वतंत्र खातं होतं, ना पैसे खर्चायचा अधिकार. समन्वय करायचा, म्हणजे खात्यांच्या मागे लागायचं. माझ्या मते त्यांच्या विचारात या वर्षाने बदल केला. त्यानंतर ते स्थानिक संस्थांबद्दल सतत बोलू लागले: पैसा मनिलात आखू नका, प्रांत, नगरं आणि बरांगाय (आपल्या ग्रामपंचायतीसारखं सर्वांत खालचं एकक) यांच्याकडे त्यांच्या आराखड्यानुसार द्या. या मांडणीला त्यांनी नाव दिलं 'ब्रेव्ह'. त्याचं विधेयक काही तडीस गेलं नाही.

2016 मध्ये चौथ्या क्रमांकाने पुन्हा निवडून आले, आणि पुढची सहा वर्षं त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत भरीव, असं मी म्हणेन. न्यायालयाने मंजुरीनंतरचा निधी बंद केला होता, तेव्हा पुढारी मंजुरीच्या आधीच आत शिरले. प्रत्येकाची कामं आता थेट विधेयकातच ओळी म्हणून घुसवली जाऊ लागली. बरीचशी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीच्या बंद खोलीत, शेवटच्या रात्री. तुलनेसाठी बघा: 2013 चा अख्खा पोर्क बॅरल 2,479 कोटी पेसोंचा होता, त्या वर्षीच्या सुमारे 2 लाख कोटींच्या अर्थसंकल्पात सव्वा टक्का. 2019 चा अर्थसंकल्प 3.757 लाख कोटींचा. तो संसदेत मंजूर झाल्यावरही कनिष्ठ सभागृहाने त्यातले आकडे हलवल्याचं लाक्सन यांनी दाखवून दिलं. वर्षाचे साडेतीन महिने देश जुन्या अर्थसंकल्पावर चालला, आणि एप्रिलमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांनी सही करताना 9,530 कोटींच्या तरतुदी कापल्या. एका वर्षात कापलेली रक्कम, बंद झालेल्या जुन्या निधीच्या जवळजवळ चौपट!

लाक्सन यांची पद्धत मला हिशेबनिसाची वाटते. आपण सुचवलेल्या दुरुस्त्या ते स्वतःच जाहीर करायचे: कुठून किती काढलं, कुठे किती घातलं. दुरुस्ती करणं हे सिनेटरचं कामच आहे. ती कोणी आणि का केली हे लपवणं हा रोग. 2017 मध्ये त्यांनी सीमाशुल्क खात्यातल्या 'तारा'ची, म्हणजे ठरलेल्या दराने चालणाऱ्या हप्त्याची, नावानिशी यादी सभागृहात वाचली. 2020 मध्ये आरोग्यविमा महामंडळातून 1,500 कोटी पेसो गेल्याच्या आरोपावरच्या सुनावण्यांत कागदांच्या चळतीतून मुद्दा काढणारे तेच होते.

मात्र याच हिशेबनिसाचा हात एका ठिकाणी सैल पडला. कम्युनिस्ट बंडाविरुद्धच्या सरकारी कृती दलाच्या गावविकास कार्यक्रमाला 2021 मध्ये 1,644 कोटी पेसो मिळाले, बंडखोरांपासून 'मुक्त' झालेल्या 822 बरांगायांना प्रत्येकी 2 कोटी. टीकाकारांनी त्याला 'जनरलांचा पोर्क' म्हटलं. सिनेटमध्ये त्या तरतुदीची बाजू संरक्षण समितीचे अध्यक्ष म्हणून लाक्सन यांनी मांडली. गावांना रस्ते आणि पाणी हवंच, त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण कुठलं गाव 'मुक्त' हे लष्कर ठरवणार आणि पैसा त्यावरून वाटला जाणार, हेच एखाद्या नागरी खात्याने केलं असतं तर त्यांनी फाडून खाल्लं असतं.

इथे त्यांच्या धोरणांचा गाभा येतो. दहशतवादविरोधी कायदा त्यांनी सिनेटमध्ये मांडला, 2020 मध्ये 19 विरुद्ध 2 मतांनी संमत करून घेतला, आणि 3 जुलैला दुतेर्ते यांची सही झाली. 2007 च्या जुन्या कायद्यात संशयिताला आरोपाविना तीन दिवस ठेवता यायचं आणि निर्दोष सुटल्यास कोठडीच्या प्रत्येक दिवसाला 5 लाख पेसो भरपाई होती. नव्यात मुदत 14 दिवस, वर आणखी 10, आणि भरपाईचं कलम गेलं. शिवाय मंत्र्यांच्या परिषदेला कोणालाही दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार मिळाला. लाक्सन यांचं म्हणणं: 5 लाखांच्या धाकाने पोलीस जुना कायदा वापरायलाच तयार नव्हते, 2017 मध्ये दहशतवाद्यांनी व्यापलेलं मरावी शहर पाच महिने जळलं तरी हात बांधलेले. त्यांनी नव्या कायद्यात काही कड्या घातल्या: अटकेची खबर लगेच न्यायाधीशाला आणि मानवाधिकार आयोगाला द्यायची, न दिल्यास अधिकाऱ्याला 10 वर्षं तुरुंग. तरी त्याविरुद्ध 37 याचिका गेल्या. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन तरतुदी खोडल्या, बाकी कायदा टिकला. या कायद्याखाली सुरुवातीलाच पकडलेल्यांत झांबालेस प्रांतातले आयता आदिवासी समाजाचे दोघे होते. माणसं ओळखण्यात चूक झाली असं म्हणून न्यायालयाने 2021 मध्ये त्यांना सोडलं. अटक झाली होती 2020 च्या ऑगस्टमध्ये. कड्या असून ते जवळजवळ वर्षभर आत होते.

आता ते चौदा महिने आठवा. सरकार सूडाने वागू शकतं, वॉरंटवर भरवसा ठेवता येत नाही, हे ज्याने अंगावर झेललं, त्याने संशयिताला आणखी तीन आठवडे सरकारच्या ताब्यात ठेवणारा कायदा लिहिला. मला यात ढोंग दिसत नाही. मला त्यात पोलीस अधिकारी दिसतो. पैशाच्या बाबतीत लाक्सन कोणाच्याही शब्दावर विसंबत नाहीत. पावती दाखव, ओळ दाखव, सही कोणाची ते सांग. बंदुकीच्या बाबतीत मात्र ते म्हणतात, चांगला अधिकारी नेमा आणि त्याला मोकळा हात द्या. अर्थखात्यातल्या माणसाने असं म्हटलं तर आम्ही त्याला दाराबाहेर काढू.

बाकी भूमिका झटपट. 2012 मध्ये प्रजनन आरोग्य कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला, तेही जिवलग मित्र सिनेटर तितो सोत्तो विरोधाचं नेतृत्व करत असताना. त्याच वर्षी सरन्यायाधीश कोरोना यांना महाभियोगात दोषी ठरवणाऱ्या 20 जणांत ते होते. फाशीचे ते जुने समर्थक, पण 2022 च्या प्रचारापर्यंत त्यांनी ती भूमिका सोडली: निर्दोष माणूस फासावर गेला तर परत आणता येत नाही. (हा विचार कोठडीपर्यंत का पोहोचला नाही, कोण जाणे.) 2018 चा राष्ट्रीय ओळखपत्राचा कायदा हा त्यांचाच जुना आग्रह. चीनच्या बाबतीत ते दक्षिण चीन समुद्राबद्दलच्या 2016 च्या लवादाच्या निवाड्यावर ठाम आहेत.

2022 मध्ये ते पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. मार्चमध्ये त्यांच्याच पक्षाने पाठ फिरवून प्रतिस्पर्धी उमेदवार लेनी रोब्रेदो यांना पाठिंबा दिला, तेव्हा ते अपक्ष राहिले. मतं पडली 8,92,375, जिंकलेल्या मार्कोस (धाकटे) यांना 3 कोटींहून अधिक. स्वच्छ निधीला मतं किती, याचं हे एक उत्तर. दुसरं असं: नापोलेस प्रकरणात 2014 मध्ये कोठडीत गेलेले तिन्ही सिनेटर, एन्रिले, एस्ट्राडांचे चिरंजीव जिंगोय आणि बोंग रेविया, पुढे लुटीच्या मुख्य आरोपातून सुटले, आणि शेवटचे दोघे लोकांनी पुन्हा सिनेटवर पाठवले.

मे 2025 मध्ये लाक्सन सातव्या क्रमांकाने परत आले, आणि आल्या आल्या त्यांच्या आवडीचा विषय समोर आला. तीन वर्षांत पूरनियंत्रणाची 9,855 कामं, 54,500 कोटी पेसो, आणि पाऊस पडला की मनिलाशेजारचा बुलाकान प्रांत पाण्यात. 20 ऑगस्टला त्यांनी सभागृहात टक्केवारी वाचून दाखवली: काम सुचवणाऱ्या पुढाऱ्याला 20 ते 25 टक्के, ज्याच्या भागात काम होतं त्या स्थानिक नेत्याला 'पार्किंग फी' म्हणून 5-6 टक्के, बांधकाम खात्याचे अभियंते, निविदा समिती, अगदी लेखापरीक्षकांनासुद्धा तुकडा. शेवटी बंधाऱ्यात जातात जेमतेम 40 टक्के. लेखापरीक्षकांचा वाटा अर्धा ते एक टक्का, हे ऐकून माझी मान खाली गेली. आमच्या धंद्याची किंमत इतकी कमी असेल असं वाटलं नव्हतं.

सप्टेंबरात सोत्तो सिनेटचे अध्यक्ष झाले आणि चौकशी करणाऱ्या समितीची सूत्रं लाक्सन यांच्याकडे आली. मागच्या सभागृहातल्या जवळजवळ सगळ्याच सिनेटरांच्या घुसडी 2025 च्या अर्थसंकल्पात आहेत, असं त्यांनी सांगितलं, आणि काही दिवसांतच सहकाऱ्यांच्या नाराजीमुळे त्यांना ती खुर्ची सोडावी लागली. नोव्हेंबरात ते परतले. कनिष्ठ सभागृहातल्या बड्या धेंडांना ते सांभाळून घेतात, असा आरोप विरोधक करतात. त्याची परीक्षा अहवालातल्या नावांवरून करावी, भाषणांवरून नको.

तर स्वच्छ म्हणायचं का? पैशाच्या वहीत, मी पाहिलेल्या कागदांवरून, होय, आणि तिथल्या राजकारणात ते फार थोड्यांबद्दल म्हणता येतं. खटल्यांच्या वहीत ते कुठेही दोषी ठरलेले नाहीत, एवढंच लिहिता येतं. 1995 च्या त्या सकाळी केझॉन सिटीत काय झालं त्याची उलटतपासणी कधी पूर्ण झाली नाही. या दोन वह्यांची बेरीज करू नका. तुमच्या प्रश्नात ती केलेली आहे, म्हणून उत्तर एवढं लांबलं.